नावाची जागा

भांडुपच्या मासळी बाजारात शुभा परुळेकर बांगडे निवडत होती आणि तिच्या पाठीमागे एक अनोळखी बाई तिच्या धाकट्या जावेला, दीप्तीला, मिठी मारत होती.

"अय्या, तुम्हीच ना त्या 'नाव घ्या ना'वाल्या? अहो, माझ्या मुलीने तुमचाच उखाणा घेतला लग्नात! सगळा हॉल उठून टाळ्या वाजवत होता!"

दीप्ती हसली. ते हसू भलत्याच वेळी येतं, वाक्याच्या मध्येच फुटतं आणि लवकर थांबत नाही. बाई तर त्या हसण्यावरच खूश झाली. तिने पर्समधून फोन काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि शुभाच्या पुढे धरला.

"ताई, तुम्ही यांच्यासोबतच आहात ना? एक फोटो काढता जरा?"

शुभाने ओले हात ओढणीला पुसले आणि फोटो काढला. फोटोत त्या बाईचा चेहरा छान आला, मागच्या कोळणीचा त्याहून छान आला, दीप्तीचं मात्र कपाळापासून वर सगळं कापलं गेलं. शुभाला ते काढतानाच दिसलं होतं. तिने दुसरा फोटो काढला नाही.

शुभा वाईट बाई नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पुढे ती जे करणार आहे त्यावरून कुणाचाही गैरसमज होईल. ती एक हुशार, नेटकी, चव्वेचाळीस वर्षांची बाई होती, आणि आपल्या कष्टांवर दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा चिकटलेला रोज पाहून तिच्या पोटात दुखत होतं. इतकंच.

त्या बाईच्या मुलीने घेतलेला उखाणा शुभाचा होता. 'नाव घ्या ना' या यूट्यूब चॅनेलवरचा प्रत्येक उखाणा शुभाचा होता. चॅनेलचं नावसुद्धा तिनेच शोधलं होतं.

आधी ती घाटकोपरच्या एका छापखान्यात होती. छापखाना लग्नपत्रिकांचा, आणि शुभाचं काम नावं तपासण्याचं. वधूचं नाव, वराचं नाव, हयात नसलेल्या आजोबांच्या नावामागचं कैलासवासी, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं, सगळं तिच्या डोळ्यांखालून जायचं. पत्रिकेत एक काना इकडचा तिकडे झाला तर मांडवात काकालोक रुसून बसतात, हे तिला ठाऊक होतं. तिने पाहिलेल्या पत्रिकेत कधीही एक नाव चुकलं नाही. मालक नवीन पोरांना सांगायचा, "शुभाबाईंनी बघितलंय ना? मग छापा डोळे मिटून." पुढे लोक पत्रिका फोनवरच पाठवायला लागले. छापखाना आकसत आकसत एका मशीनवर आला, आणि मालकाने शुभाला पेढे आणि कोऱ्या जाड पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा देऊन निरोप दिला. त्या पुठ्ठ्यांचं काय करायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

घरी बसल्यावर शुभाला उखाण्यांचं सुचलं. लग्नघरात ऐन वेळी नवरीला उखाणा हवा असतो आणि बायका फोनमध्ये शोधत बसतात, हे तिने पाहिलं होतं. पण नुसतं सुचलं म्हणून फोन समोर धरून बोलायला लागणारी ती नव्हती. आधी तिने शोधाशोध केली. शोधायच्या चौकटीत 'उखाणे' एवढंच लिहून थांबायचं आणि खाली आपोआप काय काय येतं ते पाहायचं. गृहप्रवेशाचे, बारशाचे, सत्यनारायणाचे, सासूला हसवणारे, नवरदेवाने घ्यायचे. कुठल्या महिन्यात काय शोधलं जातं, मुहूर्त कधी आहेत, त्याच्या किती आधी व्हिडिओ टाकला तर लोकांपर्यंत पोचतो, हे तिने महिनोन् महिने लक्ष ठेवून शिकून घेतलं. दुसऱ्यांच्या व्हिडिओंखालच्या तक्रारी ती अगदी मन लावून वाचायची. बायका काय मागतात आणि त्यांना काय मिळत नाही, ते तिथेच कळायचं.

तिथेच तिला जोगेश्वरीची एक बाई सापडली. तिने लिहिलं होतं, 'आमच्या ह्यांचं नाव चंद्रप्रकाश. कुठल्याच उखाण्यात बसत नाही. नाव घेता घेता धाप लागते.' बाकीच्यांनी त्यावर दात काढले होते. शुभाने पेन घेतलं. नाव मोठं असेल तर त्याला 'राव' लावायचंच कशाला, हा विचार तिला सुचला, आणि बसल्या बैठकीला तिने लिहिलं:

दारी काढली रांगोळी, ठिपके मोजून नऊ,
चंद्रप्रकाश आले घरी, आता मिळून सारे जेवू.

'लांब नावाच्या नवऱ्यांसाठी उखाणे' हा व्हिडिओ तुफान चालला. जोगेश्वरीच्या बाईने डिंकाचे लाडू पाठवले. डब्यावर चिठ्ठी होती, 'प्रिय दीप्तीताईंना'.

आता दीप्ती यात आली कशी? ती कुणी आणली नाही, तिची ती आली. पहिले तीन व्हिडिओ शुभाने स्वतःच केले होते. जरीची साडी नेसून, खुर्चीत ताठ बसून. एक्स-रे काढताना माणूस जसा श्वास रोखतो तशी ती फोनसमोर बसायची. दोघींच्या सासूबाई, कुंदाबाई, शुभाकडेच राहतात. मालवणहून आल्याला पन्नास वर्षं झाली तरी बोली तीच आणि जीभही तीच. पहिला व्हिडिओ पाहून त्या म्हणाल्या, "अगो, तुझा तोंड बघून माका वाटला, कोणतरी गेला की काय!"

चौथ्या व्हिडिओच्या वेळी दीप्ती समोरच्या फ्लॅटमधून वाटी परत करायला आली. दोघा भावांचे फ्लॅट एकाच मजल्यावर, चाळीच्या जागी टॉवर झाला तेव्हा मिळालेले. केस ओले, अंगावर घरातला कुर्ता. "काय करताय ताई? मी बोलून बघू?" म्हणाली, पुठ्ठा हातात घेतला आणि वाचला. शुभाने सवयीने पुठ्ठ्यावर सगळं लिहून ठेवलं होतं. कुठे थांबायचं, कुठे वर बघायचं. एका ओळीपुढे कंसात लिहिलं होतं, 'इथे हस'. दीप्तीने उखाणा म्हटला आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "इथे हस." मग आपण काय वाचलं ते तिच्या लक्षात आलं आणि ती जी हसत सुटली ती हसतच राहिली. शुभा तो तुकडा कापणार होती. ओजस, म्हणजे दीप्तीचा नवरा, म्हणाला, "वहिनी, काय सॉलिड आहे हे! राहू दे ना."

राहू दिला. आठवड्याभरात तो व्हिडिओ अख्ख्या भांडुपने पाहिला. त्या दिवसापासून चेहरा दीप्तीचा. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही, शुभालाही कुणी विचारलं नाही. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

दीप्ती दुष्ट असती तर फार बरं झालं असतं. ती नव्हती. उशिरा यायची, ओल्या केसांनी यायची, "काय बोलायचंय आज ताई?" म्हणून पुठ्ठा हातात घ्यायची आणि आधी नजरसुद्धा न टाकता थेट फोनसमोर वाचायला लागायची. शुभाने कितीदा सांगितलं, "अगं, आधी एकदा वाचून तर घे." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "तुम्ही बघितलंय ना? मग झालं." पहिल्या झटक्यात जमायचं तिला. शुभा एकेका उखाण्यावर आठवडा आठवडा घालवायची आणि दीप्ती तो पाहुण्याला पाणी द्यावं इतक्या सहज देऊन टाकायची. जग त्या देणारीच्या प्रेमात पडायचं. शुभाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती.

शुभाची एक सवय सांगायला हवी. कच्चा उखाणा लिहिताना नावाच्या जागी ती आपल्या नवऱ्याचं नाव घालायची, ठेका बसतो का ते बघायला. हर्षदरावांचं नाव घेते. मग पक्क्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने उतरवताना ते काढून तिथे ओजस लिहायची. असे शेकडो उखाणे झाले. हर्षदरावांचं नाव सगळ्यांत होतं, फक्त कच्च्या कागदावर.

डिसेंबरच्या शेवटी मुलुंडहून निरोप आला. तिथल्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षा, रेवती बापट. संक्रांतीचं हळदीकुंकू मोठ्या हॉलमध्ये होतं, उखाण्यांची स्पर्धा होती, आणि 'चॅनेलच्या ताईंनी' ती घ्यावी, शेवटी स्वतः नाव घ्यावं, मंचावर त्यांचा सत्कार करू, असं त्यांनी लिहिलं होतं. चॅनेलवर आलेले निरोप शुभाच वाचायची. 'चॅनेलच्या ताई' हे शब्द तिने बऱ्याचदा वाचले. नाव लिहिलेलं नव्हतं. चॅनेलची ताई कोण, हे तसं बघायला गेलं तर कुणाला ठाऊक होतं?

तिने दीप्तीला काही सांगितलं नाही. 'येते' असं कळवलं. काळी साडी काढली, ब्लाउज सैल करून आणला. आरशासमोर उभी राहून हसूनही पाहिलं. दोन दिवसांनी रेवती बापटांनी फलकासाठी फोटो मागितला. शुभाने भाच्याच्या मुंजीतला आपला सगळ्यात बरा फोटो पाठवला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'ताई, चुकून दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो आलाय. तुमचा पाठवता का?'

शुभा ओट्यापाशी उभी होती. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी ती तशीच. मग तिने ओटा पुसला, दीप्तीचा फोटो शोधला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, 'सॉरी हां, गडबडीत झालं.' समोरच्या दाराची बेल वाजवून तिने दीप्तीला आमंत्रणाची बातमी दिली. दीप्तीने तिला मिठीच मारली.

"काय सांगता! मुलुंडला? ताई, तुम्ही पण यायचं हां. तुमच्याशिवाय माझी वाट लागेल."

"येते ना. लाइव्ह कोण करणार मग?" शुभा म्हणाली.

त्यानंतर तिने कार्यक्रम आखला. राग असला तरी तिला काम वाईट करता यायचं नाही. मुलुंडच्या मंडळाचे जुने फोटो पाहिले, बायका कुठल्या वयाच्या आहेत ते बघितलं, गेल्या वर्षी कुणी कुठला उखाणा घेतला होता तो शोधला. सासू-सुनेच्या जोड्यांची एक फेरी, लांब नावांची एक फेरी, नवऱ्याला टोपणनावाने हाक मारणाऱ्यांची एक. प्रत्येक फेरीचा वेगळा पुठ्ठा. सगळ्यात शेवटी, सत्कारानंतर, दीप्तीने घ्यायचा तिचा स्वतःचा उखाणा. कच्च्या कागदावर तो तिने असा लिहिला:

गूळ आला पाकाला, तिळाचा घरभर वास,
हर्षदरावांचं नाव घेते, तुमच्यासाठी खास.

मग तिने कोरा पुठ्ठा घेतला, मार्कर उघडला आणि पहिली ओळ उतरवली. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला तिचा हात थांबला.

दीप्ती वाचून बघणार नाही, हे तिला माहीत होतं. पुठ्ठ्यावर जे असेल ते तिच्या तोंडून बाहेर पडणार. भरल्या हॉलमध्ये, लाइव्ह चालू असताना, फलकावर स्वतःचा हसरा फोटो असताना ती आपल्या थोरल्या दिराचं नाव घेणार. चॅनेलवर कायम ओजसचं नाव ऐकलेल्या मुलुंडच्या बायका तोंडाला पदर लावतील. मग मात्र कुणाला तरी प्रश्न पडेल की, ही बाई स्वतःचे उखाणे स्वतः लिहीत नाही की काय?

शुभाने मोठ्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं, हर्षदरावांचं. आयुष्यात एक नाव चुकू न देणाऱ्या बाईने ते एक नाव अगदी ठरवून चुकवलं. मार्करचं टोपण लावताना तिला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं?

हळदीकुंकवाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. सगळीकडे काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेल्या दोन नव्या सुना, दारात वाणाची स्टीलची डबी वाटणाऱ्या मुली. शुभा शेवटच्या रांगेत फोनच्या स्टँडमागे उभी होती. बाजूच्या खुर्चीत कुंदाबाई तिळगूळ चघळत होत्या. मंचावर जायच्या आधी दीप्ती तिच्याकडून पुठ्ठे घ्यायला आली. काळ्या साडीत ती इतकी गोड दिसत होती की शुभाने नजर दुसरीकडे वळवली.

"ताई, सगळं बघितलंत ना? बरोबर आहे ना?"

"हो, बघितलंय," शुभा म्हणाली.

"मग झालं." दीप्तीने पुठ्ठे छातीशी धरले आणि गेली.

कार्यक्रम रंगला. सासू-सुनेच्या फेरीत एका सत्तरीच्या आजींनी असा उखाणा घेतला की त्यांची सून लाजून खाली बसली. लांब नावांच्या फेरीत 'नंदकिशोर'ला अडखळलेल्या बाईला दीप्तीने हात धरून पार नेलं. रेवती बापट माइकवर आल्या आणि म्हणाल्या, "कार्यक्रमाची आखणी किती विचार करून केली आहे पाहा! हे सगळं दीप्तीताईंच्या डोक्यातून आलेलं आहे. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्या. शाल झाली, श्रीफळ झालं. शुभाने फोनच्या पडद्यावर सगळं नीट चौकटीत ठेवलं. आता वाच, ती मनात म्हणाली. वाच एकदाचं.

दीप्तीने शेवटचा पुठ्ठा वर घेतला.

"गूळ आला पाकाला," ती म्हणाली, आणि हॉल शांत झाला.

नेमकं तेव्हा शुभाची नजर फोनकडे गेली. पडद्यावर दीप्तीचा चेहरा होता, निर्धास्त, पुढे काय लिहिलंय त्याची काडीची कल्पना नसलेला. उद्यापासून बाजारात लोक हिला थांबवतील ते हसायला, हे शुभाला एकाएकी दिसलं. ओजस दिसला. सासूबाई तर शेजारीच बसल्या होत्या. काय केलं आपण हे? धावत जाऊन पुठ्ठा ओढून घेण्याइतका वेळ नव्हता. ती जागच्या जागी ओठ हलवायला लागली. ओजस म्हण. ओजसरावांचं म्हण गं. ओजसरावांचं, ओजसरावांचं.

"तिळाचा घरभर वास," दीप्ती म्हणाली, आणि तिची नजर पुढच्या शब्दावर गेली.

ती थांबली. पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग मान वर करून थेट हॉलच्या मागच्या टोकाला, शुभाकडे पाहिलं. ते पाहणं किती वेळाचं होतं ते शुभाला सांगता आलं नसतं. मग दीप्ती हसली.

"मैत्रिणींनो, गंमत झाली," ती माइकमध्ये म्हणाली. "हा माझा उखाणा नाहीच. हा आमच्या शुभाताईंचा आहे, माझ्या मोठ्या जाऊबाई. पुठ्ठ्यांची अदलाबदल झाली. आणि झाली ते बरंच झालं! आज तुम्ही ऐकलेलं सगळं, चॅनेलवरचं पण सगळं, त्या लिहितात. शोधतात त्या, ठरवतात त्या, मी फक्त वाचते. त्या बघा मागे फोनपाशी लपल्यात. ताई, या ना! तुमचं नाव तुम्हीच घ्या."

सगळ्या माना मागे वळल्या. काळ्या साड्यांच्या त्या रांगांमधून शुभा चालत निघाली तेव्हा टाळ्या वाजत होत्या, आणि त्या तिच्यासाठी होत्या. इतकी वर्षं ज्या जागेवर डोळा ठेवला ती जागा तिला मिळाली होती. देणारी बाई बाजूला सरकून हसत उभी होती. शुभाला आनंद व्हायला हवा होता. तिला पहिल्यांदा वाटलं ते असं की, हेसुद्धा हिलाच सुचावं? हेही हिला पहिल्या झटक्यात जमावं?

माइक तिच्या हातात आला. पुठ्ठ्याची गरज नव्हती, उखाणा तिचाच होता. ती ताठ उभी राहिली, श्वास रोखला आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली:

"गूळ आला पाकाला, तिळाचा घरभर वास, ओजसरावांचं नाव घेते, तुमच्यासाठी खास."

हॉलमधल्या कुणाला लगेच काही खटकलं नाही. चॅनेलवर कायम ओजसरावांचंच नाव ऐकलेल्या बायका त्या, कानांना ते सवयीचंच वाटलं. त्या टाळ्या वाजवायलाही लागल्या होत्या. पण शेवटच्या रांगेतून कुंदाबाईंचा आवाज आला, आणि तो आवाज चाळीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाका मारून कमावलेला होता.

"अगो शुभा! घोव बदललंस की काय गो? तो तुझो दीर!"

मग जे काही झालं ते मुलुंडमध्ये अजून सांगतात. रेवती बापटांना हसता हसता खुर्चीचा आधार घ्यावा लागला. हलव्याचे दागिने तुटून मणी जमिनीवर घरंगळले. दीप्ती शुभाच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती, आणि शुभाचा चेहरा कुंकवाइतका लाल झाला होता. मागे स्टँडवरचा फोन चालूच होता. तो बंद करणारी बाई मंचावर होती.

परतताना रिक्षात दोघींच्या मध्ये कुंदाबाई बसल्या होत्या. मध्येच आठवून हसत होत्या, "ओजसरावांचा नाव घेता म्हणे!" दीप्ती त्यांच्यासोबत हसत होती. पुठ्ठे तिच्या मांडीवर होते, तो पुठ्ठा सगळ्यात वर. घरी हर्षदने व्हिडिओ पाहिला, चहा पिता पिता बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मीच सोडून गेलो असतो ना." ओजस आठवडाभर वहिनीसमोर यायला लाजत होता.

त्या व्हिडिओने चॅनेलवरचे आधीचे सगळे मागे टाकले. शुभाने ज्याची काहीही तयारी केली नव्हती असा तो एकच व्हिडिओ.

पुढच्या रविवारी दोघी जावा बाजारात गेल्या. कोलंबीच्या टोपलीपाशी एका मुलीने शुभाला कोपराने हलवलं.

"काकी, तुम्हीच ना त्या? दिराचं नाव घेतलेल्या? एक फोटो प्लीज!"

मुलीने फोन दीप्तीच्या हातात दिला. दीप्तीने दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या, "ताई, थोडं उजेडाकडे या," म्हणाली, आणि फोटो काढला. मग नीट बघून आणखी एक काढला. मुलीने तो शुभाला दाखवला. शुभाचा पूर्ण चेहरा होता त्यात, कपाळावरची टिकली, पांढरे केस, सगळं जिथल्या तिथे. इतका चांगला फोटो तिचा कुणी काढला नव्हता.

परत येताना दीप्तीने विषय काढला.

"ताई, एक विचारू? छापखान्यात तुमच्या हातून कधीच नाव चुकलं नव्हतं ना?"

शुभा समोर बघत चालत राहिली. "नाही."

"कधीच?"

"नाही गं."

"हं." दीप्तीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "पुढच्या वेळेपासून पुठ्ठे मी आधी वाचून घेत जाईन."

माफी मागावी असं शुभाच्या मनात आलं, पण त्यासाठी काय केलं ते आधी म्हणावं लागलं असतं. टॉवरचं फाटक आलं. लिफ्टमध्ये तळमजल्यावरच्या एका काकांनी दोघींना नमस्कार केला, आणि दोघी हसल्या.

नंतरचा व्हिडिओ डोहाळजेवणाचा होता. दीप्ती वेळेवर आली. केस वाळलेले होते, विंचरलेले होते. "द्या ना ताई, बघते," म्हणून तिने पुठ्ठा घेतला आणि पलंगाच्या कडेला बसून वाचला. प्रत्येक शब्दाखाली बोट फिरत होतं. नावाच्या जागेपाशी बोट जरा जास्त थांबलं. मग तिने तो उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली, पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला आणि म्हणाली, "ठीक आहे."

फोनसमोर ती छान बोलली. जिथे थांबायचं तिथे थांबली, जिथे वर बघायचं तिथे वर बघितलं. एका ओळीपुढे शुभाने सवयीने कंसात लिहिलं होतं, 'इथे हस'. दीप्ती तिथे हसली.

शुभाने फोन बंद केला. कित्येक वर्षं ती जे सांगत होती अगदी तसंच झालं होतं, आणि हेवा वाटावा असं त्यात काहीही नव्हतं.